बिल्ड फेल्ड, पुन्हा एकदा!

अकरा तासांचं रेकॉर्डिंग, सोमवारची डेडलाइन आणि लॅपटॉपमध्ये नुसतंच बसून असलेलं ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाला कामाला लावण्याच्या नादात एका वीकेंडची कशी वाट लागली, त्याची ही गोष्ट.

शुक्रवारी रात्री तुम्ही काय करता? एफसी रोडला चक्कर, लेट नाइट शो, गेलाबाजार घरी लोळत एखादी वेब सिरीज... मी गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री दोन वाजता काळ्या स्क्रीनवरची एकच ओळ तिसऱ्यांदा वाचत होते. ‘पॅरामीटर पॅक्स नॉट एक्स्पान्डेड’. कसले पॅरामीटर आणि कसले पॅक? मास कॉमला आम्हाला हेडलाइन कशी द्यायची ते शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं!

थांबा, थोडं मागे जाऊ.

मी एका बुडालेल्या पतपेढीवर स्टोरी करत होते. काही ठेवीदार, एक वकील आणि त्या पतपेढीत बावीस वर्षं क्लार्क असलेल्या एक काकू. सगळं मिळून अकरा तासांचं रेकॉर्डिंग. त्यातले पावणेचार तास एकट्या काकूंचे. त्या बोलायलाच तयार नव्हत्या. तीन चकरा मारल्यावर, दोनदा पोहे खाल्ल्यावर तयार झाल्या, त्याही एका अटीवर. “नाव तर छापायचंच नाही. पण हा आवाजसुद्धा तुझ्या मशीनच्या बाहेर जाता कामा नये. मी फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी अख्खं गाव ओळखतं मला.”

“नाही जाणार काकू,” मी म्हटलं. म्हणताना फारसा विचार केला नव्हता, हे आता कबूल करते.

कारण रेकॉर्डिंग करणं सोपं असतं, ते उतरवून काढणं म्हणजे डोक्याला शॉट! एका तासाचं बोलणं हातानं टाइप करायला मला पाच तास लागतात. म्हणजे अकरा तासांचे पंचावन्न. आणि कॉपी द्यायची होती सोमवारी संध्याकाळी. एडिटरनी सोपा उपाय सांगितला, “अगं, टाक ना कुठल्या तरी ऑनलाइन साइटवर. पाच मिनिटांत टाइप होऊन येतं.” येतं की! पण साइटवर टाकायचं म्हणजे काकूंचा आवाज भलत्याच कुणाच्या तरी मशीनवर पाठवायचा. नेमकं तेच करणार नाही म्हणून मी सांगून आले होते.

मग मावसभावाला फोन लावला. तो हिंजवडीत नोकरीला आहे, त्यामुळे घरातल्या टीव्हीच्या रिमोटपासून सगळं त्यालाच विचारायची आमच्याकडे पद्धत आहे.

“ताई, व्हिस्पर टाक ना तुझ्याच लॅपटॉपवर. नेट बंद असलं तरी चालतं.”

आचारी आणि वाढपी

व्हिस्पर हे ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं मॉडेल. बोलणं ऐकतं आणि अक्षरांत उतरवतं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं, आणि मराठीही समजणारं. त्याच वर्षी जॉर्जी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रॅमरनं ते चालवणारा प्रोग्रॅम सी आणि सी प्लस प्लसमध्ये नव्यानं लिहिला. त्याचं नाव व्हिस्पर डॉट सीपीपी. फुकट, आटोपशीर आणि साध्या लॅपटॉपवरही चालणारा.

चालतो, यात शंका नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याचं सर्वांत मोठं, तीनेक जीबीचं मॉडेल उतरवून घेतलं आणि एक फाइल लावली. अर्ध्या तासानं बघते तर सहा मिनिटांचं बोलणं उतरलं होतं. म्हणजे एका तासाला पाच तास. म्हणजे माझ्याच वेगानं! फरक एवढाच की त्याला मधे चहा लागत नाही.

“जीपीयूवर नाही चालत आहे ते,” भाऊ म्हणाला. “तुझ्याकडे कार्ड आहे ना चांगलं?”

होतं. माझा लॅपटॉप सेकंडहँड, एका गेम खेळणाऱ्या मुलाकडून घेतलेला. त्यात आरटीएक्स ४०५० होतं. मी त्यावर आजवर वर्डच्या फायली सोडून काही उघडलं नव्हतं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांनी लग्नाची पंगत आठवावी. सीपीयू म्हणजे आचारी. काहीही सांगा, जमतं त्याला, पण आचारी असून असून किती असणार? आठ-दहा. जीपीयू म्हणजे वाढपी. त्यांना स्वयंपाक येत नाही, पण पाचशे पानांवर एकाच वेळी मीठ वाढायचं असेल तर आचाऱ्याला कोण बोलावतं? माझ्या कार्डात असे २,५६० वाढपी आहेत. आवाजाची अक्षरं करणं म्हणजे आतून निव्वळ आकड्यांचे गुणाकार असतात. लाखो, करोडो, सगळे सारखेच. वाढप्यांचंच काम. या वाढप्यांशी बोलायची एनव्हिडियाची जी भाषा आहे तिला म्हणतात कूडा, आणि ती २००७ पासून आहे.

पण त्यासाठी प्रोग्रॅम कूडासकट पुन्हा ‘बिल्ड’ करावा लागतो. म्हणजे माणसानं लिहिलेल्या कोडचं आपल्या मशीनला कळेल असं भाषांतर आपल्याच मशीनवर करायचं. विंडोज असेल तर कूडावाली फाइल आयती बांधून मिळते. माझ्याकडे होतं उबंटू २२.०४. दोन ओळींची कमांड, अर्ध्या तासाचं काम, असं भाऊ म्हणाला होता. हे वाक्य मी आता फ्रेम करून लावणार आहे.

दहा सेकंदांची निळी स्क्रीन

पहिली अडचण बिल्डच्याही आधीची. कार्डाची हालहवाल विचारायची एक कमांड असते, एनव्हिडिया-एसएमआय. ती दिली तर उत्तर आलं की ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही. अहो, पण ड्रायव्हर तर मी आत्ताच टाकला होता! टाकताना त्यानं एक पासवर्ड ठरवायला लावला, रीस्टार्ट करायला सांगितलं. केलं रीस्टार्ट. आणि तेवढ्यात चहा ठेवायला आत गेले.

तिथेच घोळ झाला. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट नावाचा एक वॉचमन असतो. सुरू होताना ओळखीची सही असलेल्यालाच तो आत सोडतो. नवा ड्रायव्हर आला की तो सोसायटीच्या वॉचमनसारखा इंटरकॉमवर विचारतो, ‘हे तुमच्याकडेच आलेत का?’ म्हणजे एक निळी स्क्रीन येते, एक बटण दाबा म्हणते, आणि दहा सेकंद थांबते. ‘एन्रोल’ म्हणून मघाचा पासवर्ड दिला की पाहुणा आत. मी होते किचनमध्ये. इंटरकॉम वाजून वाजून बंद झाला, वॉचमननं पाहुण्याला परत पाठवलं आणि लॅपटॉप जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला.

हे कळायला मला दीड तास लागला. त्या दीड तासात मी ड्रायव्हर तीन वेळा काढून तीन वेळा टाकला. दर रीस्टार्टला मी कुठे ना कुठे गेलेली असायचे!

अकरा वाजता एकदाची नीट खुर्चीत बसून ती निळी स्क्रीन पकडली. एनव्हिडिया-एसएमआयनं सुंदर चौकट काढून दाखवली. कार्डाचं नाव, सहा जीबी मेमरी आणि वर कोपऱ्यात ‘कूडा व्हर्जन १२.२’. म्हटलं, जिंकलो.

कार्ड नवं, टूलकिट जुनं

कसलं जिंकलो! त्या कोपऱ्यातल्या आकड्यानं आजवर किती जणांना फसवलं असेल देव जाणे. तो आकडा सांगतो की हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कितव्या कूडापर्यंत साथ देईल. कूडा तुमच्याकडे आहे असं तो म्हणतच नाही. लायसन्सवर ट्रक चालवायची परवानगी आहे म्हणून दारात ट्रक उभा असतो का?

कूडाचं भाषांतर करणारा कंपायलर, एनव्हीसीसी, वेगळ्या टूलकिटमध्ये येतो. मी तो उबंटूच्या नेहमीच्या भांडारातून घेतला, सगळं घेतो तसा. कमांड दिली, ओळी सरसर पळाल्या आणि मग ते पॅरामीटर पॅक्सचं लचांड. मध्यरात्र उलटली होती. मी ती ओळ वाचली, त्याखालच्या साठेक ओळी वाचल्या, काही झेपलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉप दाणकन बंद केला. रडले नाही, पण रडायला हरकत नव्हती.

शनिवारी सकाळी भावाचा फोन. “ताई, शेवटची एरर नको वाचूस. वर जा, अगदी वर. पहिली कुठली आहे? बाकीच्या तिच्या पोरी असतात.”

पहिली एरर माझ्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती जीसीसी ११ च्या, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या सी प्लस प्लस कंपायलरच्या एका फाइलमध्ये. भाऊ म्हणाला, “कार्डाचा नंबर देऊन बघ. तुझं कार्ड ८.९ आहे.” प्रत्येक पिढीच्या कार्डाला असा एक नंबर असतो. दिला. तर आता दुसरीच एरर आली, पण यावेळी निदान भाषा कळण्यासारखी होती, ‘अनसपोर्टेड जीपीयू आर्किटेक्चर कॉम्प्युट ८९’. एनव्हीसीसी म्हणत होता, असलं कार्ड मी ऐकलेलंच नाही.

“एनव्हीसीसीचं व्हर्जन किती?”

“अकरा पॉइंट पाच.”

पलीकडून नुसता हसण्याचा आवाज.

मग हिशेब लागला. कूडा ११.५ आलं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. माझ्या कार्डाची घोषणा झाली जानेवारी २०२३ मध्ये. या पिढीची कार्डं कूडाला कळायला लागली ती ११.८ पासून, २०२२ च्या शेवटी शेवटी. जन्माच्या आधी छापलेल्या रेशनकार्डात बाळाचं नाव कसं असेल? उबंटू २२.०४ हे नावाप्रमाणे एप्रिल २०२२ चं. असल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत त्या वेळची चाचणी झालेली पॅकेजेस तशीच ठेवायची ही त्यांची रीतच आहे. त्यावरच तर ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. ना कार्डाची चूक, ना कंपायलरची. मीच वेगवेगळ्या बॅचचे लोक एका बाकावर बसवले होते.

आणि कालची रात्रीची एरर? तीही याच घरातली. कूडा ११.५ आणि जीसीसी ११ यांचं पटत नाही हे जगजाहीर होतं. मला सोडून.

उपाय म्हणजे कूडाचं १२.२ टूलकिट थेट एनव्हिडियाकडून घेणं. चारेक जीबी. ते उतरतंय तोवर मी काकूंचा पहिला अर्धा तास हातानंच टाइप केला. भरवसा कुणाचा धरायचा? इन्स्टॉल करताना एक गोष्ट मात्र भावानं बजावली होती आणि ती तुम्हालाही सांगते. ते टूलकिट स्वतःबरोबर ड्रायव्हरही आणतं आणि त्याची खूण आधीच केलेली असते. ती काढायची. नाहीतर चालता ड्रायव्हर जातो आणि आपण पुन्हा निळ्या स्क्रीनपाशी.

खूण काढली. टूलकिट बसलं. बिल्ड लावलं.

‘अनसपोर्टेड जीपीयू आर्किटेक्चर’. तीच एरर. तीच्या तीच!

यावेळी भावाला फोन केला नाही. इगो म्हणा. व्हर्जन विचारलं तर अजून ११.५ च. म्हणजे घरात आता दोन एनव्हीसीसी होते आणि हाक मारली की जुनाच ‘ओ’ देत होता. लॅपटॉप कमांड शोधतो ती ठरलेल्या क्रमानं, पाथमध्ये जो आधी सापडेल तो. जुनं पॅकेज काढून टाकलं, नव्याचा पत्ता पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे लिहिला. व्हर्जन विचारलं, १२.२. शाब्बास. पुन्हा बिल्ड. आता तर वेगळीच तक्रार, कंपायलरच सापडत नाही म्हणे!

यावर मी तासभर घालवला आणि कारण निघालं हास्यास्पद. बिल्डची मांडामांड करणारा सीमेक पहिल्या वेळी कंपायलर कुठे आहे ते शोधतो आणि एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुढच्या वेळी शोधायला जात नाही, वही बघतो. वहीत जुनाच पत्ता होता आणि त्या घरातून तर मी भाडेकरूला आत्ताच हाकललं होतं. उपाय? ‘बिल्ड’ नावाचा अख्खा फोल्डर डिलीट. बस्स! एका तासाचं दुखणं, एका सेकंदाचं औषध.

‘किल्ड’

शनिवारी रात्री पहिल्यांदा आकडा पुढे सरकला. चार टक्के, नऊ टक्के, चौदा टक्के. मी टाळी वाजवायच्या बेतात होते आणि माउस हलेनासा झाला. पंखा विमानासारखा. मग एकच शब्द, ‘किल्ड’.

मारलं कुणी? लिनक्सनंच. लवकर व्हावं म्हणून मी एकाच वेळी बारा कामं लावली होती. कूडाच्या फायली कंपाइल होताना भरपूर मेमरी खातात आणि माझ्याकडे रॅम आठ जीबी. ओटा एवढासा आणि त्यावर बारा कढया. मेमरी संपली की सिस्टीम जो सगळ्यात जास्त खातोय त्याला उचलून बाहेर टाकते. बाकीचं घर वाचावं म्हणून. इथे कोडमध्ये एरर नसतेच, त्यामुळे एरर शोधत बसलात तर सापडत नाही.

बाराचे दोन केले. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन दिवाळी अंक सरकवले, खालून हवा लागावी म्हणून. चार्जर लावून ठेवला आणि झोपले. पन्नास मिनिटांत काम झालं असं नंतर वेळेवरून कळलं. मी बघितलं रविवारी सकाळी सहाला, दात घासत. शंभर टक्के.

फाइल लावली. आता घाईनं नाचायचं नाही एवढी अक्कल आली होती. व्हिस्पर सुरू होताना जो मजकूर ओततो त्यात ‘फाउंड १ कूडा डिव्हाइसेस’ अशी ओळ आहे का ते बघितलं. होती. शेजारच्या खिडकीत एनव्हिडिया-एसएमआय उघडून कार्डाची मेमरी तीन जीबीच्या वर गेलेली बघितली. एका तासाचं रेकॉर्डिंग बारा मिनिटांत. अकरा तासांचं सव्वादोन तासांच्या आत. मधे एकदा लाइट गेली तेव्हा वेग धाडकन पडला, कारण बॅटरीवर कार्डाला पुरती वीज मिळत नाही. लाइट आली, पुन्हा पळायला लागलं. वायफाय मी सकाळपासूनच बंद ठेवलं होतं. गरज नव्हती तरी.

एक ‘का’ गेला कुठे?

साडेनऊपर्यंत अकरा तास कागदावर आले होते. परफेक्ट? छे! गावांची नावं भलतीच, ‘तारण’चं एके ठिकाणी ‘कारण’ झालेलं, कोण बोलतंय याचा पत्ता नाही. सगळं सलग. पण वाचून कळत होतं आणि दुरुस्त करायला रविवार पुरला असता. मी पंचावन्न तास वाचवले या खुशीत होते. काकूंची फाइल सगळ्यात शेवटी उघडली.

त्यांना मी एक प्रश्न विचारला होता. अख्खी स्टोरी त्या प्रश्नावर उभी होती. एका मोठ्या कर्जाच्या कागदावर ज्यांची सही आहे, ती त्यांनीच केली होती का? कागदावर माझा प्रश्न नीट उतरला होता, ‘सही त्यांनीच केली होती का’. आणि त्याखाली नव्या ओळीत, ‘सही त्यांनीच केली होती’.

माझ्या अंगावर काटा आला. काकू असं बोलल्या होत्या? मला आठवत का नाही?

हेडफोन लावला, तिथपर्यंत गेले. माझा प्रश्न. मग पंख्याची घरघर. लांब कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी. अकरा सेकंद कुणीच काही बोलत नाही. मग काकू म्हणतात, “चहा टाकू का गं?”

असं होतं, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. असली मॉडेल्स मागचं वाक्य धरून पुढचं ओळखायचा प्रयत्न करतात आणि बोलणं थांबलं की कधी कधी तेच वाक्य पुन्हा लिहून मोकळी होतात. २०२४ मध्ये ‘केअरलेस व्हिस्पर’ नावाचा एक शोधनिबंध याच विषयावर आला. त्यात तपासलेल्या तुकड्यांपैकी सुमारे एक टक्का तुकड्यांत कुणीच न बोललेली वाक्यं सापडली होती, आणि बोलताना जास्त वेळ थांबणाऱ्या लोकांच्या बाबतीत हे जास्त होतं. शांतता ओळखून ती वगळणारी सोय व्हिस्पर डॉट सीपीपीत आहे. मीच ती चालू केलेली नव्हती. बिल्ड झालं, काम झालं, असं मला वाटलं होतं ना!

ती सोय लावून काकूंची फाइल पुन्हा चालवली. ती ओळ गेली. तरी मी रविवारची संध्याकाळ आणि अर्धी रात्र हेडफोन लावून पावणेचार तास पहिल्यापासून ऐकले, एकेका ओळीवर बोट ठेवून. आणखी दोन ठिकाणी थांबावं लागलं, पण ती किरकोळ होती.

सोमवारी सहाला कॉपी गेली. एडिटरचा अर्ध्या तासात फोन, “अगं, सहीबद्दल बाई काय म्हणतात? इथे काहीच नाही. ओढून घे ना थोडं, मजा येईल.”

“काही नाही म्हणत,” मी म्हटलं. “तेवढंच छापा.”

तसंच छापून आलं. ‘या प्रश्नावर त्या काही बोलल्या नाहीत.’ अंक घेऊन काकूंकडे गेले तेव्हा त्यांनी तो सावकाश वाचला, त्या ओळीपाशी थोडं थांबल्या, घडी घालून फ्रिजवर ठेवला. मग विचारलं, “आणि माझा आवाज?”

“लॅपटॉपमध्येच आहे काकू.”

“तो सोबत आणलायस?”

बॅगेतून काढून दाखवला. त्यांनी त्याच्या झाकणावर दोनदा बोटानं टकटक केली आणि चहा टाकायला आत गेल्या.